भिमाजीची सुट्टी

आमच्या मॅनेजर यशोधरा मॅडम पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा पॅकिंगच्या बायकांना समोर बसवून म्हणाल्या, "माणसं चार स्वभावांची असतात."

मी म्हटलं, आमच्या टेम्पोतच चाळीस स्वभाव आहेत, त्यातले निम्मे एकट्या भागूचे. सगळ्या खिदळल्या. मॅडमही हसल्या, पण त्यांनी विषय सोडला नाही. कुणाला रोखठोक लागतं, कुणाला गप्पा, कुणाला धीर, आणि कुणाला प्रत्येक काम फोड करून सांगावं लागतं. समोरच्याशी त्याच्या स्वभावाने बोला, आपल्या नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं.

दोन हजार चारची गोष्ट. ओझरच्या रस्त्याला द्राक्षांचं ते पॅकहाऊस तेव्हा नवंच होतं आणि मी तिथली मुकादम. मॅडम माझ्याशी आडपडदा न ठेवता बोलू लागल्या, कारण गोड बोललं की मला संशय येतो. सरूबाईला त्या आधी घरचं विचारत, मग काम सांगत. खोटं कशाला बोलू, हॉलमधली भांडणं खरंच कमी झाली.

सरूबाईचा नवरा भिमाजी कोल्डमध्ये असायचा. म्हणजे द्राक्षं गार करायची ती मोठी थंड खोली. भरलेल्या क्रेटच्या थप्प्या लावायचं त्याचं काम. नवराबायको डिंगोऱ्याहून एकाच टेम्पोने येत. भिमाजी पक्का सांगकाम्या. एकदा मालकांनी त्याला ट्रकला रस्ता दाखवायला फाट्यावर उभं केलं. ट्रक रद्द झाला आणि त्याला कळवायचं सगळेच विसरले. अंधार पडला तरी गडी तिथेच. सरूबाई म्हणाली, "सांगितल्याबिगर हालायचं न्हाईत त्ये. लगीन बी सांगितलं म्हनून केलं."

कोल्डची एक रीत होती. दार बाहेरून लागायचं आणि पंख्यांच्या घरघरीत आतल्या माणसाचा आवाज बाहेर येत नसे. म्हणून दार लावणाऱ्याने आधी "आत कोण?" असं ओरडायचं. आत कुणी असेल तर त्याने लोखंडी रॅकवर दोन ठोके द्यायचे. ठोके आले की तो माणूस बाहेर येईपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही.

जानेवारीत भिमाजी गेला. चहाच्या वेळी बाहेर बाकावर बसला होता. कप खाली ठेवला आणि कलंडला. तेरावं उरकून सरूबाई कामावर आली. घर खायला उठतं म्हणाली.

त्याच संध्याकाळी कंप्रेसरवाल्या सोमनाथने कोल्डच्या दारात हाळी दिली, "आत कोण?"

ठक. ठक.

आम्ही एकमेकींना मोजलं. सगळ्या बाहेर होतो. सोमनाथ आत जाऊन थप्प्यांमागे बघून आला. कुणी नव्हतं. "पाइपावरचा बर्फ तडकला आसंल," तो म्हणाला आणि पुन्हा ओरडला. पुन्हा दोन ठोके आले, अगदी सावकाश, भिमाजी द्यायचा तसे. सोमनाथचा दारावरचा हात आपोआप खाली आला.

सरूबाई एवढंच म्हणाली, "आत गारठ्यात हायेत त्ये. अंगात स्वेटर बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती स्वेटर घेऊन आली. संध्याकाळी ठोके ऐकू आले तशी ती कुणाला न विचारता आत गेली आणि थप्पीला टेकून बसली. आम्ही तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. तिसऱ्या दिवशीही तेच. तिच्या पोटात अन्न नव्हतं. "त्ये भायेर आल्याबिगर म्या घरी कशी जाऊ?" म्हणायची. दार उघडं राहत होतं, त्यामुळे मालकांना मालाची काळजी होती. मला दिसत होतं की ही बाई त्या खोलीत जीव देणार.

मग ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. सोमनाथने नारळ फोडला. भागूने दारातून शिव्या घातल्या, "मुडद्या, बायकूला बी नेतो का संगट? नीघ की आता!" मी समजूत घातली, भाऊ म्हटलं, हात जोडले. ठोके येतच राहिले.

मॅडम हे सगळं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "इंद्रायणीबाई, तुम्ही प्रत्येक जण आपापल्या स्वभावाने बोलताय. भिमाजींच्या स्वभावाने कोण बोललं?"

मला हसू आलं असतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. मॅडमनी अंगात जाकीट चढवलं आणि दारात उभ्या राहिल्या. आवाज रोजचाच, काम सांगतानाचा. "भिमाजी भाऊ, माल सगळा लागला. तुमचं काम संपलं. आता सुट्टी. घरी जा."

आमच्या मधून गार वारा गेला. दार उघडं होतं, वारा येणारच, असं मी मनाशी म्हटलं. मग मॅडम ओरडल्या, "आत कोण?" नुसते पंखे घरघरत होते. सोमनाथने दार लावलं. सरूबाई मटकन खाली बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. मलाही रडू फुटलं. भागूने तिला दोन घास भरवले आणि आम्ही तिला टेम्पोत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती डोकं विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून. मला बरं वाटलं. मॅडमनी सवयीने आधी घरचं विचारलं, "कशा आहात सरूबाई? झोप लागली?"

"लागली की. पहाटं त्ये आलं घरी."

भागू हातातली कात्री ठेवून जवळ आली.

"चालत आलं आसत्याल, उशीर झाला. दारात हुबं ऱ्हायलं व्हतं. म्या म्हणलं, आत या. आलं. बसा म्हणलं, तर बसलं. म्या निघाले तरी बसल्यालंच व्हतं."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "घरी जा असं मीच म्हणाले," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी सरूबाईचा हात धरला. "मी येते तुमच्याबरोबर. त्यांना नीट सांगते. पुढे जायला सांगते. ते ऐकतील माझं."

सरूबाईने हात सोडवून घेतला. तिच्या तोंडावर भीती नव्हती, दुःखही नव्हतं. इतकी निवांत मी तिला कधीच बघितली नव्हती.

"नगं म्याडम. सांगितल्याबिगर हालायचं न्हाईत त्ये. म्हनून कुनी काय बी सांगू नका त्यान्ला."

ती क्रेटपाशी जाऊन द्राक्षं निवडायला लागली. संध्याकाळी टेम्पोत सगळ्यांच्या आधी चढली आणि मला जागा देण्यासाठी सरकून बसली. मी पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले.