फांशेतच्या कुशीतली नळी

ऑनरीन वासराडुकरांची काळजं, आतडी, स्वादुपिंडं विकायची. पॅरिसच्या मटणबाजारात माझं दुकान तिच्या शेजारीच. डॉक्टर लोर्मो तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. जठरामागे, आतड्याच्या वळणात दडलेलं ते फिकट गुलाबी स्वादुपिंड नेमकं काय करतं, हा त्यांचा ध्यास. येता-जाता ते तिच्या फांशेत कुत्रीला गोंजारायचे.

एके दिवशी फांशेत नाहीशी झाली. ऑनरीनने गल्ली न् गल्ली पालथी घातली. बऱ्याच दिवसांनी कुत्री फरफटत परतली ती कुशीत चांदीची नळी घेऊन. नळी टाक्यांनी शिवलेली. तिच्यातून पाण्यासारखा रस ठिबकत होता आणि त्या रसानेच भोवतीची कातडी खाल्ली होती. कुत्री अधाशासारखी खायची, पण चरबी तशीच बाहेर पडायची. बरगड्या मोजून घ्याव्यात.

त्याच दुपारी लोर्मो धापा टाकत आले. "बाई, कुत्री द्या! नळी घातलेल्या बाकीच्या सगळ्या कुत्र्या मेल्या, ही एकटीच जगली. उद्या विज्ञान अकादमीत हिच्या स्वादुपिंडाचा रस दाखवायचाय. तेलात टाकला की तेलाचं दूध होतं!"

"माझ्याच दारातून पळवलीस ना रे मेल्या?" ऑनरीन म्हणाली. "नळी काढ. आत्ता, सगळ्यांसमोर. नाहीतर चल पोलिसात."

"मग उद्या दाखवू काय?"

"तोंड दाखव तुझं."

सुऱ्या हातात घेऊन आम्ही बायका भोवती उभ्या राहिलो. त्याने टाके कापले, नळी ओढली. "भोक आपोआप बुजेल," तो पुटपुटला. "रस आतड्यात न्यायला आत दुसरी बारीक वाहिनी असते. जगेल ती."

तेव्हापासून बाजारात त्याला कुणी काही विकलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अकादमीच्या सज्जात बसलो. तो खूप बोलला. शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने विचारलं, "पण रस कुठाय?" सभागृह हसलं. ज्या प्राध्यापकाच्या जागेवर लोर्मोचा डोळा होता, ती दुसऱ्याला मिळाली.

"झालं का मन शांत?" मी विचारलं.

"छे!"

ती थेट त्याच्या घरमालकिणीकडे गेली आणि तिच्या तळघरात तो जिवंत कुत्री कापतो हे सांगून आली. त्याच आठवड्यात त्याचं सामान रस्त्यावर आलं. तो गावी निघाला तेव्हा ऑनरीन मुद्दाम गाडीतळावर जाऊन उभी राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिने मला वाइन पाजली.

"आणि फांशेत मेली असती तर?" मी विचारलं.

"तर गाडीपर्यंत चालत जाऊ दिलं असतं का त्याला?" ती म्हणाली.