पुदिन्याचा वास

आमच्या सांडपाण्याच्या प्लांटमधला पीएच सेन्सर टाकीतून वर ओढला की बघवत नाही. त्याच्या काचेच्या टोकावर शेंबडासारखा करडा, बुळबुळीत थर चढलेला असतो आणि त्यात कुणाकुणाचे केस अडकलेले. शी! तो थर मऊ ब्रशने अलगद काढावा लागतो, नाहीतर काचेवर चरे पडतात. या आठवड्यात ते काम मामांकडे होतं. वयाने मोठे म्हणून सगळे त्यांना मामा म्हणतात. कामाच्या नावाने मात्र आनंदीआनंद.

आठवडाभर सेन्सर भलतेच आकडे दाखवत होता. म्हणून आज जेवून, दात घासून झाल्यावर तासाभराने मी टाकीवर गेले. मामांनी नुकताच धुतलेला सेन्सर उचलून बघितला, तर काचेवर पांढरट डाग. नाकाशी नेला. गटाराच्या त्या दर्पात चक्क पुदिन्याचा वास येत होता!

"मामा, हा कशाने धुतलात?"

"ब्रशने. आपला पार झिजलाय गं, म्हणून बाथरूममधला घेतला. एकदम मऊ आहे. जरा पेस्ट राहिली असेल त्याला."

आमच्या बाथरूममध्ये एकच ब्रश असतो. हिरवा. माझा.

"आजच घेतलात ना?" माझा आवाज चिरकला.

"छे, आठवडाभर तोच वापरतोय. पण काम झालं की विसळून जागच्या जागी ठेवतो हं, उगाच तुझी गैरसोय नको."