तळ्यावरची मोजणी

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. माझ्या अंगावरचं काळं कातडं कोपऱ्यांवर सुटलंय, गळ्यातला पट्टा तीनदा बदलून झालाय आणि आताशा मला कपाटाबाहेर कुणी फारसं काढत नाही. पण एके काळी एका शाळेचं अख्खं निसर्ग मंडळ माझ्या डोळ्यांनी जग बघत होतं.

माझा जन्म कारखान्यातला. मला पहिल्यांदा डोळ्याला लावलं ते तिथल्या एका वयस्क तपासनिसानं. त्यानं समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची बटणं मोजली, “पाच. जमलं,” म्हणाला आणि मला पेटीत ठेवलं. पुढे जीवशास्त्राच्या बाईंच्या पिशवीतून मी शाळेत आले.

शाळेत मंडळं पुष्कळ होती. वर्षाच्या पहिल्या शनिवारी व्हरांड्यात प्रत्येकाचं एक टेबल लागायचं. नाट्य मंडळवाले घसा फाटेस्तोवर ओरडायचे. बुद्धिबळवाले तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. वक्तृत्ववाले तर येईल त्याला पटवून द्यायचे की तू जन्मजात वक्ता आहेस. आमच्या टेबलावर मी एकटी, पण रांग मात्र माझ्यापुढे! बरीचशी मुलं मला उलटी धरायची आणि मुख्याध्यापक एवढेएवढेसे दिसले की खूश होऊन निघून जायची. पाच-सहा जणं नाव नोंदवायची. तेवढ्यांवर आमचं मंडळ चालायचं.

मग वर्ष सुरू व्हायचं. आधी व्यायामशाळेच्या खिडकीवरची घरटी, मग पानगळीच्या नोंदी, थंडीत तळ्यावरच्या पाणपक्ष्यांची मोजणी आणि शेवटी सभागृहात सगळ्या मंडळांचं प्रदर्शन. यात मान मोजणीचा.

त्या वर्षी मंडळाची प्रमुख होती नववीतली एक मुलगी. चणीनं लहान आणि ओझी मोठी वाहायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिच्या जोडीला वर्गातला सगळ्यात उंच मुलगा होता. त्याचं नाव काय पडलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. उंट!

त्या वर्षीची मोजणी नेहमीसारखी नव्हती. तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायची, असं चाललं होतं. बाईंनी पत्रावर पत्रं लिहिली, तेव्हा तळ्यांचं काम बघणाऱ्या कचेरीनं कळवलं की थंडीत दोनशेच्या वर पक्षी उतरत असतील तर फेरविचार करू.

आणि नेमक्या मोजणीच्या रविवारी बाई तापानं अंथरुणावर. त्यांनी निरोप पाठवला, “मुंगी आहे ना? मग मला घोर नाही.”

सकाळी धुकं होतं. तळ्याच्या दगडी पायऱ्या दवानं निसरड्या झाल्या होत्या. मुंगी सगळ्यांच्या पुढे होती. तिचा पाय सटकला. तिनं नोंदवही सावरली, पण मी गळ्यातून निसटले आणि दगडावर आपटले.

काच फुटली नाही. पण माझ्या पोटातला एक लोलक केसभर सरकला. मुंगीनं मला घाईघाईनं उलटसुलट करून बघितलं, कुठे तडा नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकला आणि मागून येणाऱ्यांना काही बोलली नाही.

उंट मोजणार, मुंगी लिहिणार, असं ठरलेलं होतं.

“अगं, दोन-दोन रांगा करून बसलेत आज!” उंट म्हणाला. “मागची रांग जरा पुसट आहे.”

“पुसट असो नाहीतर ठळक, तू मोज!”

दोनशे अडतीस भरले. पोरांनी एकच गलका केला. उंट टोपी उडवत रस्त्याकडे पळाला, बाकीची त्याच्या मागे. मुंगीनं जाता जाता मला डोळ्याला लावून तळ्यापलीकडच्या वीटभट्टीकडे पाहिलं. भट्टीला एकच धुराडं आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मुंगीला दोन दिसली.

तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं, तरी दोनच. ते फक्त मलाच कळलं.

सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी मला सगळ्या शाळेपुढे उंच धरलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, मित्रांनो, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. मुंगी रांगेत खाली मान घालून उभी होती. गुरुवारी बाई कामावर येणार आणि आकडा कचेरीत जाणार होता.

मंगळवारी ती मला दप्तरात घालून मावशीकडे घेऊन गेली. ती मावशीजवळच राहायची. मावशी शिवणकाम करायची आणि पुढच्या खोलीत कपड्यांचा नुसता ढीग असायचा. मुंगीनं छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याशी तासभर झटापट केली. एक स्क्रू निघाला, तो पलंगाखाली गेला. मग तिला रडू फुटलं.

मावशीनं मशीन थांबवलं. “काय गं, पोटात दुखतंय की मनात?”

मुंगीनं सगळं सांगून टाकलं.

“मग बाईंना का नाही सांगत?”

“सांगितलं तर तळं जाईल, मावशी. नाही सांगितलं तर वाचेल.”

मावशी हातातली विजार उलटी करून म्हणाली, “माझ्याकडे माणसं येतात ना, उसवलेल्यावर टाचणी लावून आलेली असतात. वरून काही दिसत नाही. पण बसताना सारखा जीव मुठीत. तू अशी बसणार आहेस का, जन्मभर?”

मुंगीनं डोळे पुसले. दोघींनी मिळून पलंग सरकवला आणि स्क्रू शोधला.

बुधवारी ती मला घेऊन थेट बाईंच्या घरी गेली. बाई शाल पांघरून बसल्या होत्या. मुंगी उंबऱ्यातूनच म्हणाली, “बाई, दुर्बीण माझ्या हातून पडली. आकडा खोटा आहे.”

बाईंनी मला डोळ्याला लावलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता पोरीची खैर नाही.

“माझ्यामुळे तळं जाणार,” मुंगी म्हणाली.

“तळं गेलं तर ते पक्षी कमी भरले म्हणून जाईल,” बाई म्हणाल्या. “तुझी चूक एवढीच की तीन दिवस हे एकटीनं वागवलंस. चहा घेतेस?”

शनिवारी मंडळ पुन्हा तळ्यावर. बाईंनी माझी डावी बाजू रुमालानं झाकली. उजवी अजून खरं बोलत होती. तिघांनी वेगवेगळं मोजलं. एकशे एकवीस. तिन्ही वेळा एकशे एकवीस.

उंट पायरीवर मटकन बसला. “बाई, नका ना पाठवू हा आकडा. बदकांना काय कळतंय?”

“बदकांना नाही कळत, बाळा,” बाई म्हणाल्या. “आपल्याला कळतं.”

पत्र मुंगीनंच लिहिलं. दुर्बीण कशी पडली, कुणाच्या हातून पडली, आधीचा आकडा काय आणि खरा काय, सगळं. शेवटी तिनं लिहिलं होतं, “दोनशे भरत नाहीत. तरी एकदा येऊन बघाल का?”

दहा दिवसांनी कचेरीतले एक साहेब स्कूटरवरून आले. “आकडे फुगवून पाठवणारे रोज भेटतात,” ते म्हणाले. “कमी करून पाठवणारे तुम्हीच पहिले. म्हटलं, बघून यावं.” पायरीवर बसून त्यांनी माझ्या एका डोळ्यातून तासभर पाहिलं. त्यानंतर ते आणखी दोनदा आले.

तळं सगळं वाचलं नाही, मित्रांनो. भट्टीकडचा भाग भरावाखाली गेला. पण पक्षी जिथे अंडी घालतात तो लव्हाळ्याचा काठ कचेरीनं राखला. भरावाची पहिली गाडी रिकामी झाली तेव्हा मुंगी काठावर उभी होती. ती रडली, पण तिची मान ताठ होती.

मला दुरुस्त करताना चष्मेवाल्यानं हात टेकले. मी अर्धी होऊनच आणखी चार वर्षं काम केलं. मग नवी दुर्बीण आली आणि मी कपाटात गेले. दमट हवेनं भिंगावर बुरशीची जाळी धरली. वर्षातून एकदा प्रदर्शनात मला मांडतात, धूळ पुसतात, परत ठेवतात. कोरड्या कापडात गुंडाळून अधूनमधून ऊन दाखवलं असतं तर मला आणखी काही वर्षं दिसलं असतं. माझ्यासारख्या वस्तू तोंडानं मागू शकत नाहीत, म्हणून एवढं सांगते.

शाळा सोडताना मुंगीनं मंडळाच्या नोंदवहीत पहिल्याच पानावर एक नियम लिहून ठेवला: “दुर्बीण पडली तर आधी सांगावं, मग रडावं.” दर वर्षी नव्या मुलांना तो वाचून दाखवतात.

परवाच एक आठवीतला मुलगा धापा टाकत मंडळाच्या खोलीत आला. त्याच्या हातात नवी दुर्बीण होती आणि गाल फुगलेले. “बाई, माझ्या हातून पडली!” एवढं म्हणून तो ओठ घट्ट मिटून उभा राहिला.

नव्या बाईंनी त्याच्या हातातून दुर्बीण घेतली आणि त्याला खुर्ची पुढे केली.

“सांगितलंस ना? शहाणा आहेस. आता रड खुशाल.”