बोळका जबडा

माझे सासरे हट्टाला पेटले की घरात कुणाचं काही चालत नाही. रविवारी वृद्धाश्रमात जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि बॅग भरून दाराशी ठेवली होती. भांडण नाही, तंटा नाही. दात गेले, कवळी टोचते आणि त्यांच्यासाठी मी रोज वेगळं जेवण बारीक वाटत बसते, हे त्यांना बघवत नव्हतं.

"तुझ्याच म्युझियममधला तो केसाळ मॅमथ बघ की," ते म्हणाले. "शेवटची दाढ झिजली की त्याचा खेळ खलास. मी काय त्याच्याहून मोठा लागून गेलो?"

ही माहिती मीच त्यांना दिली होती, मोठ्या कौतुकाने, दालनातून फिरवताना. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ! नवऱ्यानेही वडिलांना समजावून पाहिलं आणि हात टेकले.

मी म्युझियमच्या कार्यशाळेत हाडांच्या प्रतिकृती बनवते. साच्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की काढायचं, रंगवायचं. त्या शुक्रवारी एका जबड्याचा साचा आला होता. लाखो वर्षांपूर्वीचा, जेमतेम माणूस म्हणावा अशा कुणाचा तरी. प्लास्टरचा जबडा बाहेर निघाला तो अगदी गुळगुळीत. दात नाहीत याचं नवल नव्हतं, इतक्या काळात ते गळून हरवतातच. पण ते जिथे बसतात ती भोकं तरी हवीत ना? साचा बिघडला असणार असं धरून मी ड्रिल घेतलं आणि एका बाजूला छान ओळीने भोकं पाडली.

कार्यशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, काय केलंस हे! भोकं नव्हतीच मुळी. म्हातारा होता तो. दात जिवंतपणीच पडले आणि मग हाड भरून आलं. त्याला वर्षं लागतात."

"वर्षं? मग तो खात काय होता?"

"मऊ काहीतरी. कुणीतरी ठेचून देत असेल."

मला हसूही आलं आणि रडूही. नवा जबडा ओतून ठेवला आणि बिघडवलेला घरी आणला.

बाबा नवऱ्याशेजारी जेवायला बसले होते, नुसतेच ताटाकडे बघत. मी जबडा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, माझ्या पराक्रमासकट. ते बोळकं तोंड पसरून मनसोक्त हसले. मग त्यांचा अंगठा जबड्याच्या गुळगुळीत बाजूवरून फिरत राहिला.

"मॅमथचं खरं आहे, बाबा," मी म्हणाले. "पण त्याला बारीक वाटून देणारं कुणी नव्हतं. आपण याच्या वंशातले. आणि तुमचं जेवण वाटायचा मला कधीच कंटाळा आला नाही हो. तुम्ही गेलात तर मला करमायचं नाही."

त्यांनी जबडा उलटसुलट करून पाहिला.

"कोण देत असेल गं याला ठेचून?"

"असेल एखादी सून."

"आणि हा मुकाट खात असेल?"

"छे! रोज नावं ठेवत असेल."

बाबांनी जबडा ताटाशेजारी जपून ठेवला, पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"उद्या जरा बारीक वाट," ते म्हणाले. "गाठी राहिल्यात."

हे ऐकलं मात्र, नवरा उठला आणि दाराशी ठेवलेली बॅग आत घेऊन गेला.