लोकरीने अडवलेले पोलाद

मित्रांनो, रायफलच्या पोटाखाली केळ्यासारखी वाकडी पोलादी डबी असते ना, तीच मी. मला मॅगझिन म्हणतात. मी आता जुने झाले आहे, रंग उडाला आहे, अंगावर दोन-तीन पोचेही आहेत. पण कीव करू नका. माझ्यासारखी घडण सगळ्यांच्या नशिबी नसते.

दूरच्या एका थंड देशात पोलादाचा पत्रा दाबून मला घडवले. कुशीवर शिरा उठवल्या, म्हणून मी सहजासहजी चेपत नाही. माझी काडतुसे पुढे निमुळती होत जातात. ती एकावर एक रचली की आपोआप कमानीत बसतात, म्हणून मी वाकडे. आतली स्प्रिंग एका सरकत्या पट्टीला वर ढकलते, पट्टी काडतुसांना ढकलते आणि माझे दोन ओठ त्यांना नेमके एकेक करून सोडतात. ओठ जरा फाकले की सगळा कारभार बिघडतो. माझे ओठ आजवर तसूभरही फाकलेले नाहीत, हे मी छाती पुढे काढून सांगते.

कुर्दिस्तानच्या डोंगरात मी खिदिरच्या कमरेला आले. गावाच्या वरच्या खिंडीत तो पहारा द्यायचा. बर्फ, धूळ, चिखल, सगळे मी त्याच्याबरोबर सोसले आणि एकदाही अडकले नाही. खिदिर आजारपणात गेला आणि मी त्याच्या लेकीकडे, श्लेरकडे आले. बापाच्या जागी उभे राहायचे, एवढाच तिचा ध्यास होता.

आमच्याकडे घरातले माणूस पहाऱ्यावर निघाले की बायका काहीतरी विणून देतात. श्लेरच्या आईने, पेरीखानने, माझ्यासाठी लाल लोकरीची पिशवी विणली. "तिच्या बापाचं आहे ते, थंडीत उघडंवाघडं कशाला ठेवायचं?" म्हणाली. खरे सांगते, मी खूप मिरवले. लाड कोणाला आवडत नाहीत?

बर्फ पडण्याआधी पहारेकऱ्यांच्या तळावर सगळ्या मॅगझिनची परीक्षा होई. ती घेणारे साबीर म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारे म्हातारे गृहस्थ. सगळे त्यांना मामो, म्हणजे काका, म्हणत. भरलेले मॅगझिन ते दगडावर ओठांच्या बाजूने आपटत, वाळूत पुरत, झटकून लगेच चालवायला लावत. आधी उघडून साफ करायची परवानगी नसे. खिंडीत तेवढी उसंत कोण देणार? ज्याचे मॅगझिन अडकेल, त्याने त्या हिवाळ्यात तळावर स्वयंपाक करायचा.

श्लेरने नेम धरला. काही गोळ्या सुटल्या आणि पुढची वर येईचना. पट्टी माझ्या पोटात रुतून बसली होती.

"अगं, खिदिरचं मॅगझिन आणि रुसलं?" मामोंनी भुवया उंचावल्या. "काय खाऊ घातलंस याला?"

"चला, कांदे चिरायला सोबत मिळाली!" तिची मैत्रीण नसरीन खिदळली. तिचे मॅगझिन आधीच अडकले होते.

श्लेर पुढे झाली. "मामो, अजून एकदा बघा ना."

"खिंडीत कोण देईल तुला अजून एकदा?" असे म्हणून त्यांनी मला रिकामे केले आणि मोडीच्या ढिगावर फेकले. मित्रांनो, मला काय झाले होते ते मला ठाऊक होते, पण ओठ असून बोलता येत नव्हते. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुपारी पेरीखान लेकीसाठी रोट्या घेऊन आली. ढिगावर तिला मी दिसले. तिने मला उचलून ओढणीने पुसले, तोच माझ्या तोंडाशी लाल तंतू दिसला. कमरेची विणायची सुई काढून तिने आत घातली आणि ओढली. तेलात माखलेला, पिशवीच्या लोकरीचा गोळा बाहेर आला.

तिथे दुसरे कोणी नव्हते. गोळा खिशात टाकला असता तर कुणाला कळले नसते. पण ती तडक सगळ्यांच्या पुढ्यात गेली.

"साबीर, मला बंदुकीतलं काही कळत नाही, लोकर कळते. ही माझ्या हातची. पोरीचा दोष नाही. मॅगझिनचाही नाही."

मामोंनी गोळा बोटांत चुरून पाहिला. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "एवढं प्रेम कुठल्याच पोलादाला पचायचं नाही."

मग त्यांनी माझे पोट उघडले, कोरडे पुसले आणि परीक्षा पहिल्यापासून घेतली. दगडावर आपटले, वाळूत पुरले. श्लेरने नेम धरला आणि सगळीच्या सगळी काडतुसे एका दमात सुटली. अभिमानाने माझी स्प्रिंगसुद्धा झणझणली!

मित्रांनो, ज्या वस्तूवर जीव लावाल, तिला काय हवे आहे ते आधी पाहा. मला ऊब नको होती. कोरडे, स्वच्छ पोट हवे होते.

त्या हिवाळ्यात श्लेर खिंडीत उभी राहिली. वसंतात मेंढरे घंटा वाजवत वर निघाली, त्यांच्यामागे मामो धापा टाकत आले.

"किती वेळा बंदूक चालवावी लागली गं?"

"एकदाही नाही, मामो."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "मग बापासारखीच राखलीस खिंड."