उचलू नका, मी नुसता वाजतोय

मी सिंधुबाईंचा बटणांचा फोन. बोलणं हा माझा धंदा, पण माझ्या वाट्याला नुसतं वाजणंच जास्त आलं. आज मात्र पोटभर बोलणार आहे. ऐकायचं तर ऐका.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते नाशिकला, सातपूरच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. शेजारी मोठ्या पडद्याचे चकचकीत फोन. मला बघून नाकं मुरडायचे. सिंधुबाई आल्या आणि त्यांनी थेट माझ्यावर बोट ठेवलं.

"मावशी, हे आता कोणी घेत नाही," दुकानदार म्हणाला.

"मग ठेवलायस कशाला? पूजेला?"

झालं, मी त्यांच्या कमरेच्या पिशवीत गेलो. माझी बटणं त्या कोणाला न विचारता शिकल्या. एकदा पोट भरलं की मी दिवसचे दिवस काही मागत नाही. त्या मोठ्या फोनांचं बघा, दुपार झाली की भुकेनं माना टाकतात!

माझं खरं काम सकाळचं. सिंधुबाईंची थोरली बहीण अक्काबाई वणीला एकटी राहते. चहा ठेवला की सिंधुबाई तिला रिंग द्यायच्या आणि अक्काबाई तिकडून फोन कापायची. कापला, म्हणजे अक्का उठली, बरी आहे. उचलायचा कोणीच नाही. एका सकाळी फोन कापलाच गेला नाही. सिंधुबाईंनी चहा तसाच टाकून वणीची एसटी धरली. अक्काबाई न्हाणीत पाय मोडून पडलेली सापडली. तेव्हापासून त्या रिंगशिवाय सिंधुबाईंच्या घशाखाली चहा उतरत नाही.

मग मुलीचं, सायलीचं, मस्कतहून बोलावणं आलं. जावयाची तिथे नोकरी. जाण्याआधी सिंधुबाई मला आणि सायलीनं दिलेला मोठा फोन घेऊन सिमच्या दुकानात गेल्या.

"बाहेर गेल्यावर हा वाजला तर पैसे पडतात का?"

"नुसता वाजला तर नाही, आजी. तुम्ही उचलला की पडतात. तुम्ही लावला आणि समोरच्यानं उचलला, तरी पडतात," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "रोमिंग चालू करून देते. मोठ्या फोनमध्ये तिथलं सिम घाला, घरच्या वायफायवर बोला. हे सिम यातच राहू द्या."

"परत सांग." सिंधुबाईंनी ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मस्कतला पहिल्या सकाळी त्यांनी सवयीनं अक्काबाईला रिंग दिली. आणि काय सांगू, अक्काबाईनं फोन उचलला!

"सिंधे! इमानात काय खाल्लं गं?"

"अक्का, कापायचा होता! ठेव!"

"परदेशाचा फोन कापू? लोकं काय म्हनतील? थांब, सगुणाबाई आलीय, तिच्याशी बोल. लय वाट बघत व्हती."

सगुणाबाई बोलली, तिची सून बोलली. गल्लीतल्या कोणीतरी उंट दिसले का म्हणून विचारलं. थोरल्या बहिणीचा फोन तोंडावर कसा ठेवायचा? सिंधुबाई नुसत्या "हो, हो" करत राहिल्या आणि माझ्या पोटातला बॅलन्स संपला. आवाज मध्येच तुटला.

सायली पोट धरून हसली. "आई, मी रिचार्ज मारते ना."

"मार की. उद्या ती आख्खी वणी गोळा करील."

"मग मावशीच्या शेजारच्यांच्या मोठ्या फोनवर लावू, वायफायनं."

"रोज सकाळी लोकांच्या दारात अक्काला उभी करू? तिचा पाय बघितलास का?"

दुसऱ्या दिवशी चहा झाला. सिंधुबाईंनी कपाला हात लावला नाही. रिचार्ज आला होता, पण रिंग दिली तर अक्का पुन्हा उचलणार. मला ओट्यावर उभं करून त्या समोर बसल्या. इथून वणीची एसटी सुटत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. जावई डोकावून गेला. चहावर साय धरली.

आणि मी वाजलो. पडद्यावर नाव आलं: अक्का.

"आई, उचल!" सायली धावली.

सिंधुबाईंनी तिचा हात झटकला. मला थोडं वाजू दिलं आणि लाल बटण दाबलं.

"कापलास?"

"मग काय करू? तिनं नाशिकचाच नंबर लावला, मी उचलला नाही. तिचंही काही गेलं नाही, माझंही नाही." डोळ्याला पदर लावून त्या म्हणाल्या, "रिंग आली नाही तर आपणच द्यावी, हे म्हातारीला बरं सुचलं!" गार चहा त्यांनी एका दमात संपवला.

पुढचे दिवस मजेचे गेले. मोठ्या फोनवर वायफायनं गप्पा, समुद्राचे फोटो. मी खिडकीत पडून असायचो. सकाळी एकदा वाजायचो, कापला जायचो. एवढ्याशा कामाचा मला राजासारखा मान होता.

निघायच्या दिवशी सायली बॅगेशी घुटमळली. "आई, गेल्यावर मलाही रोज सकाळी वाजव."

"तुला? मोठ्या फोनवर माझं तोंड दिसतंच की."

"ते दिसू दे. तू वाजव."

सिंधुबाईंनी एकाच लुगड्याची पुन्हा पुन्हा घडी घातली. "उचललास तर बघ," म्हणाल्या.

आता मी पुन्हा सातपूरला आहे. पाचाचा आकडा झिजलाय, तब्येत ठणठणीत. तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल, त्याला आधी चार्जिंगला लावा. परगावी, परदेशी जाल तेव्हा घरचं सिम त्याच्या पोटात असू द्या. कोणीतरी वाजवील.

बरं, पुरे झालं. अक्काबाईनं आत्ताच कापला. आता सायलीची पाळी.