आणखी एक तारीख

वेणू गुप्तेनं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नवरा-बायकोची भांडणं मिटवायचं रीतसर शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा पनवेलच्या लाईन आळीतल्या बायकांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "जिनं जन्मात स्वतःचा एक नवरा केला नाही, ती दुसऱ्यांचे काय सांभाळून देणार?" असं एक म्हणाली आणि बाकीच्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. वेणूच्या कानावर ते आलंच. "डॉक्टर काय प्रत्येक रोग स्वतः भोगून मग औषध देतो होय?" असं तिनं तिथल्या तिथे सुनावलं. चांगली खमकी होती ती. निदान चारचौघांत होती.

घरात खमकेपणा दाखवायला कुणी नव्हतं. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेली आई दोन वर्षांमागे गेली. भाऊ बडोद्याला, त्याचं पत्र दिवाळीला यायचं आणि त्यातही अर्धं हवापाण्याचं. आई होती तोवर तिची कुरकुर ऐकून वेणूचं डोकं उठायचं, आणि आता त्याच कुरकुरीसाठी कान आसुसले होते. कसं असतं बघा माणसाचं! कित्येकदा दुपारी चार वाजता बाजारात "भेंडी कशी दिली?" म्हणताना घोगरा आवाज निघे, आणि मग तिच्या ध्यानात येई की सकाळपासूनचं आपलं हे पहिलंच वाक्य. मग ती मुद्दाम पाव किलोच भेंडी घ्यायची, म्हणजे उद्या परत यावं लागेल.

शिक्षण वर्षाचं होतं. शनिवारी एसटीनं दादरला जाऊन तास ऐकायचे, आणि आठवड्यातून दोन दिवस पनवेलच्या कुटुंब सल्ला केंद्रात हाताखाली काम करायचं. केंद्र म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. तिथल्या प्रमुख मनिषाताई जेमतेम तिशी ओलांडलेल्या, बोलायला गोड आणि कामात करड्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले. नवरा-बायकोच्या खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, आपली बाजूला. त्यांचं बोलणं आपल्यामार्फत जाऊ द्यायचं नाही. त्यांच्याकडून शेंगदाणासुद्धा घ्यायचा नाही. आणि मिटलं की सोडून द्यायचं, उगीच रेंगाळायचं नाही. वेणूनं सगळं वहीत उतरवलं, शेवटच्या वाक्याखाली दोन रेघाही मारल्या. वहीत रेघ मारायला काय जातं!

प्रमाणपत्रासाठी तीन प्रकरणं स्वतः चालवायची आणि तिन्ही फायलींवर मनिषाताईंची सही घ्यायची. मार्चअखेर फायली मुंबईला पोचल्या नाहीत तर वर्ष फुकट. पास झाली तर एप्रिलपासून केंद्रातली खुर्ची वेणूचीच होती, कारण मनिषाताई नाशिकला निघाल्या होत्या. रोज उठून जायला एक जागा, रोज बोलायला माणसं. वेणूला जन्मात एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं. दोन फायली दिवाळीपर्यंत सह्या होऊन तयार झाल्या. तिसरी होती गोरख आणि दिपाची.

गोरख ओवे गावचा, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत कामाला. दिपाचं माहेर शिरढोणचं, आणि नवऱ्यावर रुसून ती तिथेच जाऊन बसली होती. मारझोड नाही, दारू नाही. तक्रार एकच, की रागावला की हा बोलतच नाही. मागचा अबोला सव्वीस दिवस चालला होता.

"बाई, ह्यांना सांगा," पहिल्या बैठकीत दिपा रडत रडत म्हणाली, "म्हशीशी बोलतात तेवढं तरी माज्याशी बोला म्हनावं."

"बाई, हिला सांगा," गोरख भिंतीकडे बघून म्हणाला, "म्हस उलटून बोलत नाय."

वेणूनं त्याचं तिला सांगितलं आणि तिचं त्याला. नियमाविरुद्ध होतं, पण दोघं एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हती, तर दुसरं करणार काय? चार गुरुवार असेच गेले. गुरुवारी गोरखच्या कंपनीला सुट्टी असायची. सकाळी अकरा ते साडेबारा त्या दोघांचा सगळा संसार वेणूच्या तोंडून इकडून तिकडे जायचा: कालवणातलं मीठ, सासूचा गुडघा, पाळीवरून आल्यावर त्याच्या कपड्यांना येणारा वास. सत्तेचाळीस वर्षांत तिच्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं.

पाचव्या गुरुवारी मात्र तिनं नेट लावला. "मी आज मुकी आहे. काय सांगायचं ते एकमेकांना सांगा," म्हणून तोंड मिटून बसली. अर्धा तास कुणी हूं की चूं केलं नाही. खालची गिरणी तेवढी घरघरत होती. मग गोरख एकदम म्हणाला, "मला राग आला की शब्दच फुटत नाय गं. तुला वाटतं मी छळतो." आणि दिपा त्याच्याकडे बघतच राहिली. वेणूच्या अंगावर काटा आला. दादरच्या तासाला जे चाळीस पानांत सांगितलं होतं ते तिच्या डोळ्यांपुढे घडत होतं, आणि तिनंच ते घडवलं होतं.

संक्रांतीला दिपा सासरी परतली. त्या आठवड्यात दोघं गोरखच्या लूनावरून डबलसीट आली, वेणूच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि दिपानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. सुका जवळा होता. "बाई, तुमी परवा म्हनलात ना, आईला आवडायचा म्हनून." नियम वेणूला पाठ होता. पण मासळीला चटावलेल्या सीकेपीच्या जिभेला नियम सांगून काय उपयोग! तिनं पुडी घेतली.

"एवढा कशाला गं?" ती म्हणाली. "मला मूठभर महिनाभर जातो."

फाईल त्याच दिवशी बंद व्हायला हवी होती. पेन हातात घेऊन वेणूनं रकाना वाचला, प्रकरण मिटल्याची तारीख. आणि तिच्या मनात आलं, पुढच्या गुरुवारी काय? तसं म्हटलं तर पंधरा दिवसांनी एकदा विचारपूस करायची पद्धत असतेच. तिनं स्वतःला तेच सांगितलं. "नव्याचे नऊ दिवस असतात. आणखी एक तारीख घेऊ," असं ती त्यांना म्हणाली, आणि फाईलमध्ये लिहिलं, 'संवाद अद्याप अपुरा.'

त्या एका तारखेच्या आठ झाल्या. गुरुवारी सकाळी मनिषाताई कोर्टाच्या कामाला जायच्या, त्यामुळे बैठका कसल्या, गप्पाच त्या. दिपानं म्हशीच्या खोड्या सांगायच्या, गोरखनं कंपनीतल्या मुकादमाची नक्कल करायची, वेणूनं डोळ्यांत पाणी येईस्तो हसायचं, आणि ती गेली की फाईलमध्ये लिहायचं, 'संवाद अद्याप अपुरा.' बुधवारी ती केस धुवायची. हे चुकतंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. दर गुरुवारी ती ठरवायची की आज शेवटचं, आणि साडेबाराला जिभेवर यायचं, "आणखी एक तारीख घेऊ या का?" ती दोघं एकमेकांकडे बघायची आणि दिपा म्हणायची, "घेऊया की बाई."

मार्चचा मध्य उलटला आणि मनिषाताईंनी फाईल मागितली. पानं उलटून त्या म्हणाल्या, "वेणूताई, तेरा बैठका? आणि अजून अपुराच? या गुरुवारी मीही बसते."

वेणूचं धाबं दणाणलं. त्या दोघांना निरोप तरी कसा द्यायचा, आणि काय म्हणून? गुरुवारी लूनाचा आवाज आला तशी ती जिन्यापर्यंत गेली, पण मनिषाताई पाठीमागे उभ्याच. वेणू एवढंच म्हणाली, "आज आमच्या मोठ्या बाई बसणार आहेत. तुमचं किती मिटलंय, किती राहिलंय ते बघायला." गोरखनं दिपाकडे पाहिलं. दिपानं पदर घट्ट खोचला.

दोघं आत जाऊन बसली, आणि बसल्याबसल्या दिपानं नवऱ्याकडे पाठ फिरवली.

"बाई, ह्यांना सांगा, म्हशीशी बोलतात तेवढं तरी माज्याशी बोला म्हनावं!"

पहिल्या दिवसाचंच वाक्य, शब्द न् शब्द.

"बाई, हिला सांगा," गोरख म्हणाला, "म्हस..." आणि पुढचं विसरला. गॅदरिंगमध्ये उभ्या केलेल्या पोरासारखा तो दिपाकडे बघायला लागला. दिपा दातांतल्या दातांत पुटपुटली. "हां, उलटून बोलत नाय!" तो एकदाचा म्हणाला. मग दोघांनी जो धुमाकूळ घातला, काही विचारू नका. सासूचा गुडघा निघाला, कालवणातलं मीठ निघालं, सव्वीस दिवसांचे त्यांनी तीस केले. दिपानं डोळ्यांना पदर लावला. मनिषाताई खाली मान घालून भराभर लिहीत होत्या, त्यामुळे त्या पदराआडून दिपानं वेणूला केलेली खूण त्यांना दिसली नाही. काळजी करू नका, असं ती डोळ्यांनी सांगत होती.

दहा मिनिटांनी मनिषाताईंनी हात वर केला. "पुरे. वेणूताई, तुमचं बरोबर होतं, मीच उगीच शंका घेतली. तुम्ही तेरा बैठका घेतल्यात, याहून कुणी जास्त काय करणार? मी 'समेट होऊ शकला नाही' असा शेरा मारते आणि यांना वकिलाकडे पाठवते. तुमच्या फाईलवर आजच सही करते."

सही! वेणूनं नुसतं गप्प बसायचं होतं. खुर्ची तिची, प्रमाणपत्र तिचं, एप्रिलपासून रोज माणसं. मनिषाताईंनी पेनचं टोपण काढलं आणि लाल शाईनं वरच्या कोपऱ्यात 'समे' एवढी दोन अक्षरं उमटली. गोरख आणि दिपाच्या नावांच्या अगदी वर.

"नका लिहू," वेणू म्हणाली. "खोटं आहे ते."

"काय खोटं आहे?"

"हे भांडण. यांचं संक्रांतीलाच मिटलंय. एका घरात राहताहेत, एका गाडीवरून येताहेत. मीच तारखा देत होते. त्यानंतर फाईलमध्ये मी लिहिलंय ते सगळं खोटं आहे." बोलताना तिचे कान तापले होते. "मला यांची सवय झाली होती, मनिषाताई. गुरुवार आला नसता तर मी कुणाशी बोलले असते?"

मग दिपानं खुर्ची सरळ केली.

"मोठ्या बाई, आमच्या बाईंना काय बोलू नका. आमाला ठावं होतं. त्या जवळ्याच्या पुडीपासनं ठावं होतं. मूठभर महिनाभर जातो म्हनल्या, तवाच मी ह्यांना बोलली, बाईंच्या घरी कोन नाय. आमचं मिटलं म्हनून कागदावर चढलं तर बाईंकडं येनार कोन? म्हनून ह्यांची सुट्टी मोडून येत होतो. आज वाटलं भांडलो नाय तर तुमी आमाला येऊ द्यायच्या नाय."

वेणूला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. दोन महिने आपण यांना देतोय असं ती समजत होती, आणि हे तिला घालत होते, दारात आलेल्याला घालतात तसं. "मी तुमच्याकडे भीक मागायला आले होते का?" ती एकदम ओरडली. "कुणी सांगितलं होतं दया दाखवायला?" आणि ओरडता ओरडताच तिला कळलं की मागितली होतीच, आठ वेळा मागितली होती, तारीख देऊन देऊन.

"दया नाय बाई," गोरख खाली बघत म्हणाला.

मनिषाताईंनी दोघांना नमस्कार करून हलकेच सांगितलं, "तुमचं काम झालं. आता यायची गरज नाही." मग दार लोटून घेतलं, फाईल वेणूपुढे सरकवली आणि समोर बसल्या.

"सही मी करू शकत नाही, वेणूताई. या वर्षी नाही. जूनच्या तुकडीत पुन्हा बसा, पहिल्यापासून. आणि त्या पाचव्या बैठकीत तुम्ही जे केलंत ना, ते मला अजून जमत नाही. हेही मी लिहून ठेवणार आहे."

"एप्रिलची जागा?"

"दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

वेणूनं मान हलवली. रकान्यात तिनं संक्रांतीची तारीख लिहिली. अक्षर चांगलं आलं.

तेवढ्यात जिन्यातून आवाज चढले.

"तुमीच इसरलात! म्हस म्हनून थांबलात कशाला?"

"आनि तू खुना करत होतीस ती? डोळं मिचकावायला काय सर्कस होती?"

"मी होते म्हनून निभलं तरी!"

"कुठं निभलं? बाईंना रडवलंस! जवळ्याची गोष्ट काढायची काय गरज होती?"

खरं भांडण होतं ते. चांगलं कडकडीत, तोंडाला तोंड लागलेलं. गोरखचा आवाज तर गिरणीच्या वर ऐकू येत होता. वेणू खुर्चीतून अर्धी उठली, तिचा हात दाराकडे गेला. मनिषाताई नुसत्या बघत राहिल्या. वेणू परत खाली बसली.

दोघं भांडत भांडतच जिना उतरली. लूना दोन-तीनदा फुरफुरून सुरू झाली, तरी दिपाचं चालूच होतं आणि गोरखचं तिला उत्तर देणंही चालूच होतं. टपाल नाक्याकडे वळेपर्यंत ते ऐकू आलं. वेणू कान देऊन शेवटचा शब्द ऐकत राहिली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली. इतकं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि पुढच्या गुरुवारी तिच्याकडे कुणी येणार नव्हतं.